टर्की, छर्रे आणि आईची स्टीलची ताटली

परवा शनिवारी दुपारी एका मित्राचा फोन आला, आमच्या इथल्या मंडळातलाच, गणपतीत ढोल वाजवणारा. आवाज हळू, जसं काही चोरी करतोय. म्हणाला, "अरे मी दुकानात उभाय, काडतुसांच्या शेल्फसमोर, आणि इथे टर्कीचा फोटो असलेली वीस तरी पाकिटं आहेत, एक अठरा डॉलरचं आणि शेजारचंच साठ डॉलरचं, आणि साठवाल्यात तर फक्त पाचच आहेत. काय घेऊ?" यंदा त्याचा टर्कीच्या, म्हणजे कोंबडीसारख्या पण खूप मोठ्या रानपक्ष्याच्या, शिकारीचा पहिला सीझन, हंटर एज्युकेशनचा कोर्स जानेवारीत केला (आमच्या अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात 1 जानेवारी 1967 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना सहसा तो लागतोच), बंदूक एका सहकाऱ्याकडून सेकंडहँड घेतली, आणि आता शेल्फसमोर गाडी अडली. मी त्याला म्हटलं आधी काहीच घेऊ नकोस, बाहेर ये, गाडीत बस, मग बोलू. चाळीस मिनिटं बोललो. तेच इथे जरा नीट लिहून काढतोय कारण हे मला सहा वर्षांपूर्वी कुणी मराठीत सांगितलं असतं तर एक पक्षी माझ्या डोक्यावर बसला नसता.

तो पक्षी आधी सांगून टाकतो.

माझा पहिला सीझन, एप्रिल, मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्ट, ओकची झाडं नुकती पालवायला लागलेली. मी तेव्हा जे सगळे नवशिके करतात तेच केलेलं, दुकानात जाऊन सगळ्यात जाडजूड दिसणारं पाकीट उचललं. बाराबोर (बोर म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तर नळी बारीक), साडेतीन इंची शेल म्हणजे काडतूस, दोन औंस शिसं, चार नंबरचा छर्रा. पाकिटावर असा काही फोटो की वाटावं टर्की नुसतं पाकीट बघूनच मरेल. बंदुकीतून त्याआधी मी सरावाच्या मातीच्या चकत्यांवर बार काढलेले, पण हा शेल कागदावर एकदाही मारून बघितला नव्हता. एकदाही नाही. चार डॉलरला एक शेल, कागदावर कशाला फुकट घालवा, हा आपला मध्यमवर्गीय हिशोब.

सकाळी साडेसातला एक गॉबलर, म्हणजे नर टर्की, समोरच्या उतारावर आला, पिसारा फुलवून, आणि माझ्या अंदाजाने तो चाळीस यार्डावर होता. मी बार काढला. तो कोलमडला, दोन गोलांट्या खाल्ल्या, मी उठून "पडला!" असं मोठ्याने मराठीत ओरडलो, आणि तो उठला, एक पंख लोंबवत पळत गेला आणि ओढ्यापलीकडच्या झुडपात घुसला. जागेवर पाचसहा पिसं आणि एका वाळक्या ओकच्या पानावर रक्ताचा एक थेंब. तांदळाच्या दाण्याएवढा. सरकारी रानात दुपारी एकला शिकार बंद होते, मी एकपर्यंत गुडघ्यावर रांगत शोधला, अंगभर गोचिड्या घेऊन परत आलो, पक्षी मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, घेऊन त्याच झाडाला पाठ लावून बसलो आणि मोजलं. 53 यार्ड.

रानात अंतर फसवतं. मोकळ्या उतारावर एवढा मोठा पक्षी, नऊ-दहा किलोचा नर, तो जवळच वाटतो. आपल्या लोकांसाठी एक सोपी युक्ती आहे जी इथल्या कुठल्याही मासिकात सापडणार नाही: क्रिकेटची पिच 22 यार्ड. आपण सगळ्यांनी आयुष्याची पंधरा वर्षं ते अंतर डोळ्यात भरून घेतलंय. वनडेचं आतलं सर्कल 30 यार्डाचं. चाळीस यार्ड म्हणजे दोन पिचला थोडं कमी. मी आता झाडाखाली बसलो की पहिलं काम, डोक्यात पिच आखतो, मग रेंजफाइंडरने दोनतीन झाडं मोजून ठेवतो, हे वाकडं झाड 28, तो पडलेला ओंडका 34, आणि त्या ओंडक्याच्या पलीकडे तो पक्षी नाचो नाहीतर गावो, माझा नाही.

आता शेलकडे येऊ.

टर्कीच्या बाबतीत पहिली गोष्ट डोक्यात ठेवायची ती अशी की आपण त्याच्या अंगावर मारत नाही. छातीवर पिसांचा जाड थर, खाली जाड मांस, खाली हाडं, तिथे छर्रे बसले तर पक्षी उडून जातो आणि दोन दिवसांनी कुठेतरी झुडपात मरतो. मारायचं डोकं आणि मानेवर, म्हणजे मेंदू आणि मणके, आणि ती जागा खरं सांगायचं तर अंगठ्याएवढ्या रुंदीची आहे. अशा चिंचोळ्या जागेत दोनचार छर्रे नक्की बसायला हवेत आणि ते हाडातून आत जायला हवेत. बस. शेल निवडायचा सगळा खेळ या दोनच गोष्टींचा, छर्रे किती दाट पडतात आणि आत किती शिरतात, आणि गंमत अशी की या दोन्ही एकमेकींच्या सवती आहेत. छर्रा मोठा घेतला तर आत शिरतो पण शेलमध्ये मावतात कमी. बारीक घेतला तर ढीगभर मावतात पण लांबवर जोर राहत नाही.

नंबरांचं गणित पण उलटं आहे, नंबर मोठा तर छर्रा बारीक. 17 मधून नंबर वजा करा, जे उरेल तितके शतांश इंच हा छऱ्याचा व्यास. पाच नंबर म्हणजे 0.12 इंच, तीन मिलिमीटर, बारीक साबुदाणा. नऊ नंबर म्हणजे 0.08 इंच, दोन मिलिमीटर, मोहरी. शिशाचे चार नंबर एका औंसात साधारण 135 मावतात, पाच नंबर 170, सहा नंबर 225. म्हणजे माझ्या त्या दोन औंसाच्या राक्षसात 270 छर्रे होते. ऐकायला खूप. पण 53 यार्डावर त्या 270 मधले मानेवर बसले किती, ते मला त्या रक्ताच्या थेंबाने सांगितलं.

मिझुरीत चार नंबरपेक्षा मोठा छर्रा टर्कीला चालतच नाही, कायदा आहे. प्रत्येक राज्याचं वेगळं असतं तेव्हा ज्या राज्यात जाताय तिथलं त्या वर्षीचं पुस्तक वाचा, माझ्यावर विसंबून राहू नका. काही कॉन्झर्वेशन एरियात शिसंच चालत नाही. कॅलिफोर्नियात तर 1 जुलै 2019 पासून कुठल्याच शिकारीला शिसं चालत नाही.

आता ते साठ डॉलरचं पाकीट. त्याच्यावर लिहिलेलं असतं टीएसएस, म्हणजे टंगस्टन सुपर शॉट. शिशाची घनता 11 च्या आसपास, याची 18. म्हणजे तेवढ्याच आकाराचा छर्रा दीडपटीहून जड. याचा अर्थ काय ते मला आमच्या शेजारच्या म्हातारबाने किचन टेबलवर बिलाच्या पाठीवर समजावलं. व्यास गुणिले घनता कर म्हणाला, आत शिरण्याचा ढोबळ अंदाज येतो. शिशाचा पाच नंबर: 0.12 गुणिले 11.1, झाले 1.33. टीएसएसचा नऊ नंबर: 0.08 गुणिले 18, झाले 1.44. म्हणजे मोहरीएवढा टंगस्टनचा दाणा साबुदाण्याएवढ्या शिशाइतका किंवा किंचित जास्तच आत जातो. आणि मोहऱ्या मावतात किती! एका औंसात साडेतीनशेच्या वर. म्हणून तर आता लोक चारशेदहा बोरची, जी आपण पोरांची बंदूक म्हणायचो, ती घेऊन टर्कीला जातात आणि लोक हसत नाहीत. तिच्या तीन इंची टीएसएस शेलमध्ये तीनशेच्या जवळपास छर्रे असतात, म्हणजे बाराबोरच्या तीन इंची शिशाच्या पाच नंबरात असतात तेवढेच. दहा वर्षांपूर्वी हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

हेच गणित पोलादाला लावून बघा. घनता 7.8. चार नंबर घेतला, मिझुरीत चालणारा सगळ्यात मोठा, तरी 0.13 गुणिले 7.8 म्हणजे 1.01. स्वस्त आहे, विषारी नाही, पण टर्कीला पोलाद घेऊन जायचं असेल तर पिचभराच्या आतच बार काढायचा. बिस्मथ मधलं आहे, 9.6, जुन्या बंदुकीच्या नळीला सोसतं, महाग आहे, माझा अनुभव नाही, पुढे जाऊ.

शिशाबद्दल माझं मत विचाराल तर मी अजून पूर्ण सोडलेलं नाही पण सोडतोय. बदकांच्या शिकारीत शिसं 1991 पासून अख्ख्या अमेरिकेत बंद आहे कारण तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळायची आणि मरायची, आणि जखमी किंवा मेलेलं बदक गरुडाने खाल्लं की गरुड. टर्कीला बहुतेक राज्यात अजून चालतं. माझ्या त्या पहिल्या पक्ष्याच्या अंगात शिसं होतं आणि त्याला नंतर कुणीतरी खाल्लंच असणार, कोल्ह्याने, गिधाडाने, कुणीतरी. हे डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या वर्षी मी काय केलं? एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी. बाराबोरच, पण टीएसएस नऊ नंबर, आणि वर सगळ्यात आवळ चोक. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायची आवळणारी नळकांडी, पाइपाच्या तोंडावर बोट धरलं की पाण्याची धार जशी लांब आणि बारीक जाते तसं काहीसं, छर्रे लवकर पसरू देत नाही. यावेळी कागदावर मारून बघितलं, शहाणा झालो होतो ना, पण फक्त चाळीस यार्डावर. कागद असा भोकाभोकाचा की मी फोटो काढून बायकोला पाठवला. पन्नासवर पण मेला असता म्हणालो. फुशारकी.

आणि मग एप्रिलमध्ये काय झालं तर पक्षी आला मागून. गुपचूप, एक आवाज न करता, आणि माझ्या डावीकडून आठ यार्डावर येऊन उभा राहिला. आठ! त्याच्या पापण्या दिसत होत्या. मान ताठ, अगदी पुस्तकातल्यासारखी. मी बार काढला आणि तो उडाला, ठणठणीत, एकही पीस न सोडता, आणि मी तिथे तोंड उघडं टाकून. मागे रेडबडचं एक रोप होतं मनगटाएवढं, त्याच्या खोडात एकच भोक, बटाटेवड्याएवढं. माझे साडेसहाशेच्या आसपास छर्रे, वडा होऊन, त्याच्या मानेशेजारून गेले. आठ यार्डावर मी शॉटगन नाही, जवळजवळ रायफल चालवत होतो आणि नेम शॉटगनसारखा ढोबळ धरलेला.

हे कुणी सांगत नाही. सगळी जाहिरात लांबच्या अंतराची, साठ यार्ड, सत्तर यार्ड, आणि टर्कीचा अर्धा खेळ तर त्याला जवळ बोलावण्यात आहे. बॉक्स कॉल घासून, स्लेट खरवडून टर्कीसारखे आवाज काढत, टोपीत डास घेऊन दीड तास बसून त्याला वीस यार्डावर आणायचं आणि शेल मात्र साठ यार्डाचा, असला हा प्रकार. लांबून मारता येतंय म्हणून लांबून मारायचं असेल तर मग बोलावता कशाला?

तर त्या उन्हाळ्यात म्हातारबाने मला बसवला. ऐंशीच्या घरातला माणूस, मिझुरीत जंगली टर्की जवळजवळ संपलेल्या त्याने लहानपणी बघितल्यात. अख्ख्या देशात 1930 च्या दशकात दोनेक लाख उरल्या होत्या, मग एका रानातून तोफेने जाळी उडवून पकडायच्या आणि दुसऱ्या रानात सोडायच्या असं करत करत वाढवल्या, मिझुरीत नव्या काळातला पहिला सीझन 1960 साली झाला. आणि याला पैसा कुठून, तर लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर जो 11 टक्के कर बसतो तो 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो, म्हणजे माझ्या त्या चुकलेल्या टीएसएस शेलमधूनही गेलाच. भारतातले मित्र विचारतात "तू आणि शिकार?" तेव्हा मी हे सांगतो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली ते बरोबरच झालं, तिथली गणितं वेगळी.

आमच्या आबांकडे, संगमेश्वर तालुक्यात, लायसनची ठासणीची बंदूक होती, डुकरं भातात उतरली की हवेत बार काढायला. मी लहान असताना त्यांना ती भरताना बघितलंय. दारू मोजून, मग काथ्याचा बोळा, गजाने ठासायचा, मग छर्रे, परत बोळा. बोळा नीट नाही बसला तर बार फुसका आणि छर्रे वाटेल तिथे. आता त्या काथ्याच्या जागी शेलमध्ये प्लॅस्टिकची वाटी असते, वॅड म्हणतात, आणि महाग शेलच्या किमतीतला बराचसा शहाणपणा त्या वाटीत असतो. काही कंपन्यांची वाटी नळीबाहेर आल्यावरही थोडं अंतर छऱ्यांना धरून ठेवते, मग सोडते. असली वाटी आणि वर आवळ चोक म्हणजे कधीकधी पॅटर्न, म्हणजे छऱ्यांचा पसारा, सुधारायच्या ऐवजी बिघडतो. कुठला शेल कुठल्या चोकमधून कुठल्या नळीतून कसा जाईल हे कंपनीला पण सांगता येत नाही. कागदच सांगतो.

म्हणून कागद. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामाच्या वेळी जमिनीवर अंथरायचा तपकिरी कागद रोलमध्ये मिळतो, बारा-पंधरा डॉलरला, दोन सीझन पुरतो. त्यावर दहा इंचाचं वर्तुळ काढायचं. दहा इंचच का, तर इथे सगळे त्याच मापाने बोलतात, दहा इंचात शंभर छर्रे पडले तर त्या अंतरावर तो लोड, म्हणजे तो शेल, चांगला. आईने पहिल्यांदा आली तेव्हा बॅगेतून स्टीलच्या सहा ताटल्या आणल्या होत्या, वर आमचं आडनाव कोरून, मी टेप लावून मोजलं तर बरोबर दहा इंच. तेव्हापासून एक ताटली रेंजवर असते. बायको म्हणते आईंना कळलं तर.

पद्धत अशी. आधी साध्या हलक्या चकत्यांच्या शेलने वीस यार्डावरून बंदूक कुठे मारते ते बघायचं, कारण टर्की लोडचा धक्का खांद्याला लागतो आणि तिसऱ्या बारानंतर माणूस डोळे मिटायला लागतो. माझी बाराबोर सहा इंच वर आणि थोडी डावीकडे मारत होती. दोन वर्षं! मग खरा शेल, आधी दहा यार्ड, मग वीस, तीस, चाळीस, प्रत्येक अंतराला नवा कागद. मग जिथे सगळ्यात दाट पडलेत तिथे ताटली ठेवून पेन्सिल फिरवायची आणि आतली भोकं मोजायची. मोजताना प्रत्येक भोकाला स्केचपेनचा ठिपका द्या नाहीतर शंभरी ओलांडली की गोंधळ होतो. आमच्याकडे हे काम बायको आणि मुलगी करतात, लिव्हिंग रूममध्ये कागद अंथरून, ठिपक्यांची रांगोळी चाललीय असं वाटतं. मुलगी ओरडते, "बाबा, सत्तेचाळीस!" 47. तो होता माझा साडेतीन इंची राक्षस, चाळीस यार्डावर. 270 मधले 47. आणि वर्तुळात एका बाजूला अख्खी मान आरामात मावेल एवढी रिकामी जागा.

तो कागद मी जपून ठेवलाय.

मग मी काय घेतलं. वीसबोर. हलकी, धक्का कमी, त्यामुळे बार काढताना गाल बंदुकीवरून उचलला जात नाही, आणि माझं तर म्हणणं आहे की नवशिक्यांच्या निम्म्या चुका गाल उचलण्याच्याच असतात. तीन इंची शेल, दीड औंस टीएसएस, नऊ नंबर, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास छर्रे. चोक सगळ्यात आवळ नाही, त्याच्याहून एक घर सैल. आवळ चोकमधून चाळीसवर 190 पडत होते, सैलमधून 131. मी 131 वाला घेतला. का, तर दहा यार्डावर आवळवाल्याचा वडा आणि सैलवाल्याची निदान भाकरी नाही तरी पुरी तरी होते. चाळीसच्या पुढे मला मारायचंच नाहीये, मग त्या 59 जास्तीच्या छऱ्यांचं करू काय. टंगस्टन पोलादापेक्षाही कडक असतं, तेव्हा चोकवर तो टीएसएसला चालतो असं लिहिलेलं बघूनच घ्या, आणि आजोबांच्या जमान्यातल्या नळीतून तर मुळीच मारू नका.

बोर बदलला की एक मोठा धोका असतो तो सांगतो, हसण्यावारी नेऊ नका. वीसबोरचा शेल बाराबोरच्या नळीत टाकला तर तो आत घसरून पुढे अडकून बसतो, दिसत नाही, माणसाला वाटतं बंदूक रिकामी आहे, मागून बाराबोरचा शेल भरतो, आणि मग नळी फुटते. हाताची बोटं जातात. म्हणून वीसबोरचे शेल पिवळे करतात. माझ्या जॅकेटच्या खिशात दोन वर्षं दोन्ही फिरत होते हे मला नंतर कळलं तेव्हा घाम फुटला. आता बाराबोरचं जॅकेट वेगळं. तसंच साडेतीन इंची शेल तीन इंची चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या शेल भरायच्या जागेत, बसतो पण तो मारायचा नसतो, उघडायला पुढे जागाच नसते, दाब वाढतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा, तेवढाच शेल.

माझ्या मित्राला हे एवढं पुराण नको होतं, त्याला उत्तर हवं होतं. त्याच्याकडे बाराबोर, तीन इंची, सोबत फुल, म्हणजे आवळ, चोक आलेला. मी म्हटलं अठरा डॉलरवालं घे. शिसं, तांब्याचा मुलामा दिलेलं, पाच नंबर, पावणेदोन औंस. आणि शेजारचं सहा नंबरचं एक घे. दोन पाकिटं मिळून टीएसएसच्या एका पाकिटापेक्षा स्वस्त, आणि कागदावर मारायला हात आखडणार नाही. पाच टीएसएस घेऊन चार कागदावर मारले तर रानात जायला एक उरतो, म्हणून कुणी कागदावर मारतच नाही, आणि तिथेच घोळ होतो. तो म्हणाला पण टीएसएस चांगलं ना? चांगलं आहे. पण न तपासलेल्या टीएसएसपेक्षा तपासलेलं शिसं मला जास्त चांगलं वाटतं, तीस यार्डाच्या सर्कलमध्ये तर नक्कीच. पुढच्या वर्षी बदल.

बाकी शेलशी थेट संबंध नसलेल्या पण त्याला सांगितलेल्या गोष्टी: पिसारा फुलवलेल्यावर मारू नकोस, तेव्हा त्याची मान आखडलेली असते, कॉलवर एक कडक आवाज काढ, तो मान वर करतो, तेव्हा. नेम मानेच्या मध्यावर, पिसं जिथे संपतात त्याच्या वर. मागे दुसरी टर्की उभी नाही ना ते बघ, एका बारात दोन पडल्या तर एक कायद्याची आणि एक गुन्ह्याची. आणि कपड्यात लाल, पांढरा, निळा काहीही नको, रुमालसुद्धा, कारण गॉबलरचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि झुडपाआडून कुणीतरी दुसरा बघत असतो. हे तीन रंग जहांगीर बादशहानेही टिपून ठेवलेत बरं का. 1612 साली मुकर्रब खानाने त्याच्यासाठी गोव्याहून पोर्तुगीजांकडून एक टर्की नेला, आणि जहांगीरने लिहिलंय की याचं डोकं कधी पोवळ्यासारखं लाल होतं, कधी कापसासारखं पांढरं, कधी फिरोजी, सरड्यासारखं. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्रही काढलं. पोर्तुगीज टर्कीला पेरू म्हणतात, त्यामुळे मी आईला फोनवर "पेरू मारला" असं सांगायचो आणि तिला वाटायचं झाडावरून.

तिसऱ्या वर्षी, वीसबोर, तोच 131 वाला लोड. 27 यार्ड, मोजलेले, वाकड्या झाडाच्या अलीकडे. बार झाला आणि पक्षी जागच्या जागी बसला, नुसते पंख फडफडले दहाएक सेकंद. मी धावलो नाही, पाय लटपटत होते. नख्या सव्वा इंच, छातीवरची दाढी दहा इंच. संध्याकाळी टेलिचेकवर, म्हणजे राज्याच्या शिकार नोंदवायच्या सोयीवर, नोंद केली (रात्री दहाच्या आत करावी लागते). छाती म्हातारबाकडे गेली अर्धी, आणि तंगड्यांचा आम्ही रस्सा केला, कांदाखोबऱ्याचं वाटण, कुकरला नऊ शिट्ट्या, कारण रानातल्या टर्कीच्या तंगडीत तारांसारख्या शिरा असतात आणि तीन शिट्ट्यांत त्या फक्त चिडतात. साफ करताना मानेच्या खालच्या मांसात एक छर्रा मिळाला. वाटीत टाकला तर टिंग वाजला, जराही चेपलेला नाही. खाताना तो दाताखाली आला असता तर दातच गेला असता, शिसं निदान दबतं. तेव्हा टीएसएसवाल्यांनी मांस बोटांनी चाचपून घ्या, बॅटरी लावून.

काल रात्री मित्राने कागदांचे फोटो पाठवले. सहा नंबर त्याच्या नळीला मानवलेला दिसतोय, तीसवर 138, चाळीसवर 74. ताटली त्याच्याकडे नव्हती म्हणून त्याने पिझ्झाच्या डब्याचं वर्तुळ कापलं म्हणे, मी म्हटलं ते बारा इंचाचं तर नाही ना, मोजून घे. मोजलं तर बाराचंच. सगळे कागद परत मोजायला बसलाय. मग साडेअकराला मेसेज, खरे आकडे 104 आणि 52, "मग 35 वर चालेल का?"

मी लिहिलं, रविवारी 35 वर कागद लाव. ताटली घेऊन येतो.